कॅलेंडरमागची भेग

चि. सोनूस,


वास्तुशांतीच्या दिवशी हॉलमध्ये कॅलेंडर इतक्या उंचावर का लावलंय, असं आत्यानं विचारलं आणि तू घाईघाईनं विषय बदललास. पंगत उठल्यावर मी ते कॅलेंडर उचलून पाहिलं. बीमच्या खालून सरळ आडवी भेग गेली आहे. बाळा, यात तुला लाजण्यासारखं काय आहे? कर्जाचे हप्ते तू भरणार आहेस, तर बिल्डरशी बोलायचंही तूच.

ती भेग मला ओळखीची आहे. तुमच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या, ज्याला साइटवर सगळे सिपोरेक्स म्हणतात. बीम काँक्रीटचा. ऊन-पावसात दोघं सारखे फुगत-आकसत नाहीत, म्हणून सांध्यावर गिलाव्याच्या आत जाळी मारावी लागते. तुझ्याकडे बहुधा ती मारलेली नाही, किंवा भिंत बसायच्या आतच वरची फट घाईनं भरली आहे. इमारतीला यानं धोका नाही. पण सांध्याच्या दोन्ही बाजूंचा वीतभर गिलावा काढून, जाळी ठोकून, पुन्हा प्लास्टर करून त्यावर आठवडाभर पाणी मारायला हवं. नुसती पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात भेग परत उघडेल.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रेघ मात्र नजरेखाली ठेव. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण कर आणि शेजारी तारीख लिही. मध्यभागी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटव. भिंत हलली तर काच तडकते. रेघ खुणेपुढे सरकली, दार चौकटीत अडकू लागलं, किंवा भिंतीच्या पलीकडेही त्याच जागी तडा दिसला, तर थांबू नकोस. कॉलम, बीम किंवा स्लॅबच्या पोटाला तडा, त्यातून गंजाचा तांबूस ओघळ, हे दिसलं तर त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलाव. तो तुझा असावा, बिल्डरनं पाठवलेला नको.

मला खरी काळजी बाथरूममागच्या भिंतीची वाटते. तिथं रंगाचे पोपडे धरले आहेत. ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. बाथरूमच्या फरशीवर नाण्यानं ठोकून बघ, पोकळ आवाज येतो तिथं खडूनं फुली मार.

साइटवरचा माणूस म्हणेल, "मॅडम, हे प्रत्येक बिल्डिंगला येतं." त्याला म्हणावं, हेच लिहून दे. रेराच्या 2016 च्या कायद्यात कलम 14(3) आहे. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते आणि महारेराकडे तक्रार करता येते. पण त्याला कळवल्याचा पुरावा तुझ्या हाती हवा. फोनवरचं बोलणं हवेत जातं. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढ, खोलीवार यादी कर, ईमेल कर आणि तेच पत्र स्पीड पोस्टानंही पाठव. आणि हे होईपर्यंत कपाटांसाठी, वायरिंगसाठी भिंतीला छिन्नी लावू देऊ नकोस. नंतर सगळं खापर तुझ्या सुताराच्या माथी फोडतील.

एवढं कळकळीनं लिहितोय त्याला कारण आहे. आपलं लातूरचं घर काळ्या मातीवर आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तडा होता. मी दर दिवाळीला तो बुजवून रंग द्यायचो आणि उन्हाळ्यात तुझी आजी म्हणायची, "परत उघडला रे." सहा वर्षं असं चाललं. शेवटी बाहेरून खणलं, तेव्हा गच्चीचा पाइप थेट पायाशी रिकामा होताना दिसला. पावसात ती माती फुगायची, उन्हात आकसायची, आणि कोपरा तिच्याबरोबर हलायचा. पाइप वळवायला एक दिवस लागला. पाया जिथं खचला होता तिथं मात्र खालून बांधून घ्यावं लागलं, आणि ते आजीच्या हयातीत झालं नाही. पहिल्याच वर्षी मी रंगाऐवजी कुदळ घ्यायला हवी होती.

रविवारी सकाळी मी येतो. टॉर्च आणि ओळंबा माझ्याकडे आहे, तू करारनामा आणि ताबापत्र काढून ठेव. आणि ते कॅलेंडर तेवढं खाली घे.

तुझा,
मामा