फाइलचे आडनाव आणि तिची राखीव प्रत

संगणकातील फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरे येतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. हे फाइलचे आडनावच होय. ‘जेपीजी’ म्हणजे छायाचित्र, ‘डॉकएक्स’ म्हणजे वर्डमधील मजकूर, ‘झिप’ म्हणजे अनेक फाइलींचे गाठोडे. आडनाव बदलल्याने आतील ऐवज मात्र बदलत नाही.

नगरसारख्या जिल्ह्यांतील मराठी स्मरणिका दीर्घकाळ पेजमेकरवर, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळविल्या गेल्या. त्यांतील ७.० आवृत्तीच्या फाइलींचे आडनाव ‘पीएमडी’. पेजमेकरची ७.० ही अखेरची आवृत्ती २००१ सालची. आज तो प्रोग्राम आणि तो फॉन्ट हाताशी नसेल, तर फाइल शाबूत असूनही मजकूर हाती लागत नाही. म्हणून असा मजकूर युनिकोडमध्ये आणि छापील पानांचे रूप ‘पीडीएफ’मध्ये जतन करणे श्रेयस्कर, २००८ पासून पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे.

काही प्रोग्राम फाइलची आधीची आवृत्ती ‘बीएके’ या आडनावाने ठेवतात. ती बहुधा त्याच डिस्कवर असते. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. खरी राखीव प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या गावी असावी आणि ती अधूनमधून उघडून पाहावी.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : वसतिगृहातील दिवसांची छायाचित्रे जुन्या सीडीवर असतील, तर ती आजच उघडून पाहा, दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि एक प्रत शाळेकडे सोपवा. पुढील पिढ्यांना आपला इतिहास त्यांतूनच वाचता येईल.