सोबतीचा वेग

एकट्याने केलेला प्रवास आणि मित्रांच्या सोबतीने केलेला प्रवास ह्यांत मोठे अंतर असते. एकट्या प्रवाशाला वाटेल तेव्हा निघता येते, वाटेल तेथे थांबता येते. आपल्या वेगाचा धनी तो स्वतःच असतो. सोबतीने निघालेल्याला मात्र आपल्या इच्छेस थोडी मुरड घालावी लागते. त्या बदल्यात त्याला काय मिळते, हे समजावे म्हणून स्कूटरवरून केलेल्या एका दूरच्या प्रवासाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

स्कूटर हे वाहन मुळात दूरच्या वाटेसाठी घडविलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर इटलीतील पियाज्जो ह्या विमाने बनविणाऱ्या कंपनीने सामान्य माणसाला परवडेल असे लहानसे वाहन तयार करण्याचे ठरविले. कोर्रादिनो दास्कानियो ह्या विमानविद्येतील अभियंत्याने आखलेली 'व्हेस्पा' १९४६ साली रस्त्यावर आली. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. तिचे पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरलेले असल्यामुळे ते चटकन काढता-घालता येई. ह्याच घराण्यातील 'चेतक' स्कूटर १९७२ पासून आपल्याकडे बनू लागली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणारी ही गाडी मिळविण्यासाठी नाव नोंदवून लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुढे तिचे उत्पादन बंद पडले; २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर रस्त्यावर दिसू लागली आहे.

जुन्या स्कूटरचे स्वभाव जाणून घेण्यासारखे होते. चाके लहान, त्यामुळे लहानसा खड्डाही तिला मोठा वाटे. इंजिन उजव्या अंगाला, म्हणून तोल सांभाळावा लागे. पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागे आणि प्लगवर काजळी धरली की गाडी बंद पडे. मग ती एका अंगावर कलती करून, पुन्हा उभी करून किक मारणारा गृहस्थ हे त्या काळी गल्लोगल्ली दिसणारे दृश्य होते.

१९८४ च्या डिसेंबरात आम्ही सहा मित्र अशा तीन स्कूटरींवरून पुण्याहून गोव्यास निघालो. आमच्यातील सातव्या मित्राचे लग्न म्हापशास होते. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराचा. दोन गाड्या नव्या होत्या. तिसरी जुनी, एका अबोल मित्राच्या वडिलांची. निघतानाच आमच्यातील वडीलधाऱ्या अण्णांनी क्रम ठरवून दिला : जुनी गाडी सर्वांत पुढे, आणि ज्याला दुरुस्तीचे ज्ञान आहे त्याची सर्वांत मागे. संथ गाडी मागे राहिली, तर तिचे काय झाले हे पुढच्यांना कळतच नाही. ती पुढे असली म्हणजे तिचा वेग तोच सर्वांचा वेग होतो.

पहाटे पाचला कात्रजचा घाट चढून आम्ही निघालो. शिरवळजवळ नीरा ओलांडली. त्या वेळी दोन्ही बाजूंची वाहने खंबाटकीच्या घाटातूनच जात. मालमोटारींच्या मागे गाड्या कण्हत-कुंथत चढल्या. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींस मिळतात, तो प्रीतिसंगम पाहावयाचा बेत होता. पण त्याच सुमारास जुन्या गाडीच्या क्लचची तार तुटली. एक तार जादा घेतली होती, ती घालून पुढे निघालो. उसाने भरलेल्या बैलगाड्यांना वाट देत दुपारी कोल्हापूर गाठले. सुटे भाग विकणारी दुकाने त्या दिवशी बंद होती. निपाणीची तंबाखूची शेते मागे टाकून आजऱ्याच्या पुढे गेलो, तो दिवस मावळू लागला, आणि रानाच्या कडेला नवी तारही तुटली. तारेच्या बाहेरच्या नळीला एके ठिकाणी घडी पडली होती. ती घडीच तारेला हळूहळू कापीत होती.

पुढे आंबोलीचा घाट होता. दोघांना बसवून, क्लचवाचून तो अंधारात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या गाडीचा धनी खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही चौघे पुढे व्हा. मुहूर्त चुकायला नको. आम्ही दोघे उद्या येऊ."

त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. आमच्यातील एक जण म्हणालाही, "खरे आहे. सहाही जणांनी मुहूर्त चुकविण्यापेक्षा चौघांनी तरी वेळेवर पोहोचावे."

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वेळेवर पोहोचलेले चौघे नवऱ्या मुलाला काय सांगतील? दोघांना रानात सोडून आलो, असे?"

ह्यावर कोणीच उत्तर दिले नाही. गाडी ढकलीत आम्ही जवळच्या वस्तीपर्यंत मागे आलो. कंदील घेऊन एक शेतकरी बाहेर आला. आमची अडचण ऐकताच तो म्हणाला, "पावनं, ह्या अंधारात घाट कशाला उतरताय? पडवी मोकळीच हाय. भाकरी खावा आन् पडा निवांत." घोंगड्या त्याने दिल्या आणि नाचणीची भाकरी त्याच्या घरच्या माउलीने. पहाटेपर्यंत थंडीने झोप लागली नाही. पण एकालाही एकटे वाटले नाही.

सकाळी दोघे जण आजऱ्यास जाऊन दुकान उघडण्याची वाट पाहत बसले. तार आणि नळी दोन्ही बदलून निघावयास पावणेदहा झाले. आंबोलीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबून चालत नाही. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली सावंतवाडी न थांबता ओलांडली. पत्रादेवीच्या सरहद्दीवर मात्र गाड्या आपोआप मंदावल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी येथे गोळ्या झाडल्या होत्या. समोर बंदुका दिसत असताही ते लोक एकमेकांची साथ न सोडता पुढे गेले होते. तेथे हात जोडून आम्ही म्हापशाची वाट धरली.

पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. अक्षता केव्हाच पडल्या होत्या. पंगती उठत होत्या. नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या अजून उतरल्या नव्हत्या. तो मांडवाबाहेर आला आणि बोट दाखवीत आम्हांला मोजू लागला. सहा भरल्यावर त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाला, "सगळे आलात ना? मग आधी जेवायला बसा."

मुहूर्त चुकला तो चुकलाच. मित्राच्या मस्तकावर अक्षता टाकण्याचा क्षण पुन्हा येत नाही, आणि ती हानी खरी होती. परंतु प्रत्येक निवडीची किंमत मोजावीच लागते. चौघे पुढे गेले असते, तर मुहूर्त साधला असता; पण मागे राहिलेल्या दोघांच्या मनात, 'आपल्यावाचून यांचे अडले नाही,' हा सल कायमचा राहिला असता. वेळेवर पोहोचणे हा सद्गुण आहे. मात्र त्यासाठी कोणाला मागे टाकावे लागते, हे पाहण्याचाही विवेक हवा.

मुलांनो, तुम्ही गड चढावयास जाल, सायकलींवरून सहलीस निघाल, वर्गात एखादे काम मिळून कराल. तुमच्यात कोणी चपळ असेल, कोणी संथ. कोणाचे साधन नवे असेल, कोणाचे जुने. अशा वेळी संथ सोबत्याला पुढे ठेवा आणि ज्याच्या हाती कौशल्य आहे त्याने मागे राहावे. मार्ग थोडा अधिक वेळ घेईल. पण मुक्कामी पोहोचल्यावर मोजदाद पुरी भरेल.

स्वाध्याय

१. जुनी गाडी सर्वांत पुढे ठेवण्यामागे अण्णांचा कोणता विचार होता?
२. क्लचची तार दुसऱ्यांदा तुटण्याचे कारण कोणते?
३. 'चौघांनी तरी वेळेवर पोहोचावे' हे म्हणणे तुम्हांला पटते काय? आपल्या मताची कारणे लिहा.
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मुरड घालणे, सल राहणे, विसंबून राहणे.