गर्भशिराचा शोथ : उपशीर्षक आणि सोनोग्राफीचा अहवाल

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, २३ व्या अध्यायात, उपशीर्षक या व्याधीचे वर्णन केले आहे. कपालस्थ वायू दुष्ट झाल्याने गर्भस्थ बालकासही त्वचेच्याच वर्णाचा, वेदनारहित शोथ होतो, असा त्याचा आशय. आज सोनोग्राफीमुळे असा शोथ प्रसूतीपूर्वीच दिसतो. अहवाल घेऊन गर्भिणी आली की ‘हे उपशीर्षकच’ असे म्हणण्याचा मोह आपणांस होतो. तो टाळावा, एवढ्यासाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

अहवालात प्रथम पाहावे ते शोथाखालील कपालास्थी अखंड आहे की नाही. अस्थीतील छिद्रातून मस्तिष्कावरण अथवा मस्तिष्काचा अंश बाहेर आला असेल, तर तो एन्सेफॅलोसील होय. तो बहुधा मध्यरेषेत, शिराच्या मागील बाजूस आढळतो. मात्र तिरकस छेदात अखंड अस्थीही खंडित भासू शकते. म्हणून दोन प्रतलांत तपासणी आवश्यक ठरते. शंका उरल्यास गर्भाची एमआरआय तपासणी उपयोगी पडते.

अस्थी अखंड असल्यास शोथ एकदेशी की सार्वदेहिक, हे पाहावे. शिरत्वचेची जाडी ५ मिलिमीटरहून अधिक असून उदर, छाती वा हृदयावरणातही द्रव साठला असेल, तर हायड्रॉप्सची शंका घ्यावी. आरएच विसंगतीने होणारा गर्भाचा रक्तक्षय हे त्याचे एक कारण असून मस्तिष्कातील मध्य धमनीचा रक्तवेग डॉप्लरने मोजून त्याचे अनुमान करता येते. मानेमागे पडदे असलेली जलमय गाठ सिस्टिक हायग्रोमा सुचविते. कॅपुट व सेफॅलहिमॅटोमा, ज्यांच्याशी उपशीर्षकाची तुलना होते, ते प्रायः प्रसवकाळीच उत्पन्न होतात.

हा भेद केवळ नावांचा नाही. २४ व्या अध्यायात उपशीर्षकावर वातव्याधीची आणि पाक झाल्यास विद्रधीची चिकित्सा सांगितली आहे. जन्मानंतर एन्सेफॅलोसीलला विद्रधी समजून छेद दिल्यास मस्तिष्कावरणास जंतुसंसर्ग होऊन बालक दगावू शकते. तेथे मर्दनही वर्ज्य मानावे.

कालाचेही भान हवे. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत शंका आल्यास औषध देऊन महिनाभर वाट पाहू नये. आरएचजन्य रक्तक्षयात गर्भालाच रक्त देता येते. विलंबाने ती संधी हुकते. तसेच २०२१ च्या कायदा-दुरुस्तीनुसार गंभीर गर्भविकृतीसाठी २४ आठवड्यांनंतर गर्भपात करावयाचा झाल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो.

औषधविक्रेत्या बंधूंनीही अहवाल पाहून ‘सूज उतरण्याचे’ औषध देऊ नये. गर्भिणीस त्वरित स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. आधी रोगपरीक्षा, मग औषध, हा आपल्या शास्त्राचाच क्रम आहे.