बाळंतविड्यातील ऊब

सोलापूर म्हटले की दोन्ही बाजूंनी नक्षी दाखविणारी जाड चादर डोळ्यांसमोर उभी राहते. येथील जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी हातमाग व यंत्रमागाने या शहराचे वस्त्राशी असलेले नाते टिकवून धरले. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु याच जिल्ह्यात आणखी एक वस्त्र घरोघर तयार होते. ते बाजारात येत नाही आणि त्याची किंमतही कोणी करीत नाही. ते म्हणजे तान्ह्या बाळाची गोधडी.

नव्या जिवाच्या स्वागताची आपली रीत बाळंतविड्यात दिसून येते. झबले, टोपडे, कुंची, लंगोट, दुपटे, लोकरीचा स्वेटर व पायमोजे अशा वस्तू आजी, मावशी, आत्या आपापल्या हातांनी शिवतात, विणतात. हा केवळ हौसेचा प्रकार नाही. या विड्यातील प्रत्येक वस्तूचे बाळाच्या जीविताशी निकटचे नाते आहे.

जुन्या लुगड्याचे शास्त्र

बाळाची गोधडी नव्या कापडाची करीत नाहीत. अनेक वर्षे धुऊन मऊ झालेले आजीचे लुगडे त्यासाठी निवडतात. त्याचे दोन-तीन पदर एकावर एक अंथरून काठापासून मध्याकडे जवळजवळ धावदोरा घालीत नेतात. पदरांमध्ये अडकून राहिलेली हवा ऊब धरून ठेवते आणि टाक्यांमुळे पदर सरकत नाहीत. जुने सूत ओलावा चटकन शोषते व नाजूक कातडीला बोचत नाही.

लोकरीचे तसे नाही. सांगोला परिसरातील घोंगडे थंडी-पाऊस अडविते, पण बाळाच्या अंगाला ते खरखरीत लागते. म्हणून लोकरीच्या विणकामाखाली सुती झबले असावे. गळ्याशी लांब नाड्या ठेवू नयेत. मोजे उलटे करून आतील सुटे धागे कापून टाकावेत, कारण असा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊन इजा होऊ शकते.

पहिला तास, पहिला आठवडा

जन्मतः बाळ ओले असते. अंगावरील ओलावा सुकताना शरीरातील उष्णता झपाट्याने निघून जाते. शरीराच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे तेथूनही बरीच उष्णता जाते. नवजात बालकाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगात चरबी थोडी असल्याने ते लवकर गारठते. गारठलेले बाळ नीट दूध ओढत नाही; दूध कमी पडले की आणखी गारठते. हे चक्र जिवावर बेतू शकते.

म्हणून बाळाला जन्मताच कोरड्या कापडाने पुसावे, ओले कापड दूर करावे, आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून कोरडे पांघरूण घालावे, डोक्याला टोपडे घालावे व पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे. पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवावी. बाळाचे पाय व पोट दोन्ही उबदार लागले तर ते ठीक आहे. पोट उबदार व पाय गार असतील, तर त्याला लगेच आईच्या छातीशी धरून ऊब द्यावी. दोन्ही गार लागले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

या काळजीचे मोल आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील महिलांना प्रशिक्षण देऊन घरोघर नवजात बालकांची सेवा घडविली. बाळाला ऊब देणे, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार या सर्वांच्या मेळातून नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आशा कार्यकर्तींच्या आजच्या गृहभेटींमागे हाच अनुभव आहे.

विडा वेळेवर पोहोचावा

येथे आपल्या रीतीतील एक उणीव ध्यानात येते. बाळंतविडा बहुधा बारशाला, म्हणजे बाराव्या दिवशी येतो. बाळाला सर्वाधिक धोका मात्र पहिल्या तासांत व पहिल्या आठवड्यात असतो. जन्माआधी बाळासाठी काही विकत आणू नये, अशीही अनेक घरांतील समजूत आहे. तिला दुखविण्याचे कारण नाही. जुन्या लुगड्याची गोधडी विकत आणावी लागतच नाही. सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाला ओटीबरोबर दोन दुपटी, एक गोधडी व एक टोपडे दिले, तर परंपरा राहते आणि बाळाची सोयही होते. हे कपडे गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवावेत व प्रसूतीला जाताना बरोबर न्यावेत.

हा विचार जगाला नवा नाही. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरीब मातांना व १९४९ पासून सर्व मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी शासनाकडून मिळू लागली. मात्र गरोदरपणात वेळेवर तपासणी करून घेणे ही त्यासाठीची अट होती. भेटीची सांगड आरोग्याशी घातली गेली, हे त्यातील मर्म होय.

सावधगिरी

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत बाळाला कुंची व गोधडीत गुंडाळून ठेवू नये. पातळ सुती कपड्याचा एक पदर पुरे होतो. कोणत्याही ऋतूत बाळाला उताणे निजवावे व त्याच्या तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. पाय सरळ ताणून घट्ट बांधल्यास खुब्याच्या सांध्याला अपाय होऊ शकतो. म्हणून पायांना हालचालीस मोकळीक ठेवावी.

गावाने करावयाचे काम

हे सारे घडवून आणण्यास मोठा खर्च लागत नाही. शाळेतील हस्तकामाच्या तासाला मुलामुलींना धावदोरा व टोपडे विणणे शिकविता येईल. महिला बचत गट जुनी स्वच्छ लुगडी जमा करून गोधड्या शिवू शकतील. गरोदर मातांची यादी अंगणवाडीत असतेच. त्या यादीनुसार सातव्या महिन्यात प्रत्येक घरी विडा पोहोचला की नाही, एवढे ग्रामपंचायत सदस्यांनी पाहावे. विडी वळणाऱ्या, मजुरीवर जाणाऱ्या ज्या मातेला माहेरचा आधार नाही, तिचे घर या यादीत प्रथम असावे.

ज्या जिल्ह्याने देशाला पांघरूण पुरविले, त्या जिल्ह्यात एकही बाळ पांघरुणावाचून गारठू नये. आजीच्या लुगड्याचे दोन पदर हे काम करू शकतात. मात्र ते बारशाच्या दिवशी नव्हे, जन्माच्या घटकेला हाताशी असले पाहिजेत.