सूर्यफुलाचें बीं व त्याची ठेवण

सूर्यफुलाचें पीक आपल्या सोलापूर-लातूरकडील रानांत फार जुनें नाहीं. त्याचा खरा प्रसार 1970 नंतरचा. त्यामुळें ज्वारी-हरभऱ्याचें बीं राखण्याचे वाडवडिलांचे आडाखेच या बियांस लावण्याचा प्रघात पडला आहे, व तो पुष्कळदां नडतो.

वाचकांनीं थोडा हिशेब करून पहावा. शंभर किलो बियांत तेल सुमारें 40 किलो असतें, आणि तेल पाणी धरीत नाहीं. ओल शेकडा 9 असेल तर तें 9 किलो पाणी उरलेल्या 60 किलोंतच मुरलेलें असतें; म्हणजे त्या भागापुरती ओल शेकडा 15 झाली. इतकी ओली ज्वारी कोणी जाणता शेतकरी कोठारांत भरील काय? प्रमाणित बियांस 9 ही कमाल मर्यादा, व हवाबंद पिशवीस 7, ठेवलेली आहे ती यासाठींच.

ओल वाढली कीं पोत्याचे पोटांत ऊब धरते, बुरशी येते, आणि तेल फुटून आम्ल सुटतें. तेल काढणाऱ्याकडे अशा मालाचा भाव पडतो. परंतु पेरणाराचें नुकसान त्याआधींच झालेलें असतें. खंवट वास येण्यापूर्वीं अंकुर मेलेला असतो, टरफल मात्र नव्यासारखें दिसतें. आणि मृगाचा वाफसा एकदां गेला कीं तो परत येत नाहीं.

ताज्या बियांची गोष्ट निराळी. काढणीनंतर सुमारें दीड महिना तें निजलेलें असतें. खरिपाचें बीं लागलीच रब्बीस पेरून, उगवलें नाहीं म्हणून वाईट ठरविणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत!

कणसाची पाठ पिवळी पडल्यावर काढणी करावी. टरफल फुटेल अशी मळणी करूं नये. बीं पातळ पसरून वाळवावें, पण दुपारीं तापलेल्या फरशीवर नको. पोतीं फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, खतापासून अलग ठेवावीं. पत्र्याची तापणारी खोली टाळावी. ओलें बीं प्लास्टिकच्या पिशवींत बांधणें हें तर गोणपाटाहूनही वाईट.

हें सारें सरळ वाणाच्या बियांविषयीं. संकरित पिकाचें बीं घरीं राखूंच नये. पेरणीपूर्वीं पंधरा दिवस आधीं, पोत्याच्या निरनिराळ्या भागांतून 100 दाणे घेऊन ओल्या गोणपाटांत गुंडाळावे व दहाव्या दिवशीं मोजावे. सत्तरांहून कमी उगवले, तर दुसरें बीं आणण्यास अद्याप अवकाश असतो.