आधी यंत्राची साक्ष

मुलांनो, घरात एखादी वस्तू बिघडली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? “हे कोणी केले?” वास्तविक “हे कशाने झाले?” असे आधी विचारावयास हवे. पण कारण शोधावयाचे तर श्रम पडतात. माणसाला दोष देणे फार सोपे असते. तो सोपा मार्ग धरून मी एकदा मोठी चूक केली. तिचीच ही हकिगत आहे.

२०१४ सालची गोष्ट. कोकणातील एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. उन्हाळ्याच्या सुटीनंतर जून महिन्यात शाळा उघडली. बाहेर पावसाची झड लागली होती. लिपिकांनी कार्यालयातील संगणकाचे बटण दाबले. पेटीवरचा दिवा लागला, आतला पंखा फिरू लागला. पण पडदा काळा तो काळाच राहिला. सर्व वर्गांचे निकाल आणि दाखल्यांच्या नोंदी त्या एकाच संगणकात होत्या. माझा धीर सुटला.

सुटीपूर्वी तो संगणक शेवटी सातवीतील एका मुलाने वापरला होता. विज्ञान प्रदर्शनाची माहिती लिहिण्यासाठी मीच त्याला परवानगी दिली होती. मी त्याला बोलावून घेतले.

“काय केलेस तू?” मी दरडावून विचारले.

“सर, मी काही केले नाही. काम झाल्यावर रीतसर बंद करून गेलो,” तो म्हणाला.

मला ते खरे वाटले नाही. दुरुस्तीचा खर्च तुझ्या वडिलांना द्यावा लागेल, असे सांगून मी त्यांच्या नावे चिठ्ठी लिहिली. त्याचे वडील मोलमजुरी करीत. मुलगा खाली मान घालून उभा राहिला.

इतक्यात विज्ञान शिकवणाऱ्या बाई तेथे आल्या. सारी हकिगत ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, मुलाची साक्ष आपण घेतली. आता यंत्राचीही घेऊ या. बिघाड आहे हे खरे. पण तो कोठे आहे, हे आपल्याला अजून ठाऊक नाही.” मग त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, “वही घे. आपण जे पाहू, जे ऐकू, तेवढेच लिही. अंदाज लिहू नकोस.”

बागेत पाणी पोहोचले नाही, तर जाणता बागाईतदार झाडाला दोष देत नाही. तो विहिरीपासून पाटाच्या कडेकडेने चालत येतो आणि पाणी कोठे अडले ते पाहतो. बाईंनी तीच रीत धरली.

पहिला प्रश्न विजेचा. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते. संगणकाच्या पेटीतील एक बंद डबी तिचे १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा सौम्य विजेत रूपांतर करते. दिवा लागला होता, पंखा फिरत होता. अर्थात वीज पेटीत येत होती. दिवाच लागला नसता, तर त्या जागी टेबलावरचा दिवा लावून, मग वायर बदलून पाहावे लागले असते.

दुसरा प्रश्न पडद्याचा. बाईंनी पडद्याची वायर पेटीपासून सोडवली. लगेच पडद्यावर अक्षरे उमटली, की आपल्याकडे काही संदेश येत नाही. म्हणजे पडदा धडधाकट होता. मुलाने तसे लिहिले.

तिसऱ्या खेपेस मात्र मुलगाच एकदम म्हणाला, “बाई, आतून काहीतरी वाजते आहे!” पावसाच्या आवाजात ते आम्हाला ऐकूच आले नव्हते. आम्ही खिडकी लावली. पेटीतून ‘बीप, बीप’ असा आवाज थांबून थांबून येत होता.

मुलांनो, संगणक सुरू होताना प्रथम स्वतःची परीक्षा घेतो. स्मृती जागेवर आहे का, मुख्य भाग काम करतात का, हे तो तपासतो. पडद्यावर काही दाखवण्यापूर्वीच दोष आढळला, तर अनेक संगणक आवाजाच्या खुणेने तो सांगतात. प्रत्येक कारखान्याच्या खुणा निराळ्या असतात. संगणकासोबत आलेली पुस्तिका कपाटात होती. तीत पाहता कळले, की स्मृती सापडत नाही, अशी ही खूण आहे.

“स्मृती गेली? म्हणजे निकालही गेले?” मी घाबरून विचारले.

बाई हसल्या. “नाही, सर. रॅम नावाची ही स्मृती पाटीसारखी असते. वीज गेली, की तिच्यावरचे सारे पुसले जाते. निकाल आहेत ते हार्ड डिस्कवर. ती वहीसारखी आहे. तिच्याबद्दल यंत्राची अजून काही तक्रार नाही.”

त्यांनी संगणक बंद करून वायर भिंतीतून काढली. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू नयेत, म्हणून पेटीच्या धातूला हात लावला आणि मगच झाकण उघडले. विजेच्या डबीला मात्र त्यांनी स्पर्श केला नाही. वायर काढल्यानंतरही तिच्या आत घातक विद्युतभार राहू शकतो; ती डबी कधीही उघडू नये. तुम्हीही मोठ्या माणसांवाचून पेटी उघडू नका.

रॅमची पट्टी बाहेर आली. तिच्या कडेचे सोनेरी पट्टे मळून निस्तेज झाले होते. दोन महिने बंद खोली, धूळ आणि कोकणची दमट हवा यांचा तो परिणाम होता. “कोणाजवळ मऊ खोडरबर आहे का?” बाईंनी विचारले. मुलाने निमूटपणे कंपासपेटीतून काढून दिले. बाईंनी पट्टे हलकेच पुसले, पट्टी जागेवर बसवली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘खट्’ करून लागल्या. बटण दाबताच एकदाच ‘बीप’ झाले आणि पडदा उजळला. निकाल जसेच्या तसे होते.

१९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या अवाढव्य गणनयंत्रात बिघाड झाला होता. शोध घेता घेता ९ सप्टेंबर रोजी विजेच्या एका खटक्यात अडकलेला पतंग सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि खाली तशी नोंद केली. ती वही आजही वॉशिंग्टन येथील संग्रहालयाने जतन केली आहे. कोणावर ठपका ठेवण्याऐवजी त्यांनी कारण शोधले आणि लिहून ठेवले.

आमच्या मुलानेही शेवटची ओळ लिहिली : ‘पट्टे पुसले. संगणक सुरू झाला.’ मी चिठ्ठी फाडून टाकली. पण तेवढ्याने माझे मन स्वस्थ होईना. आरोप मी चारचौघांत केला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर घडलेले सांगून मी त्याची क्षमा मागितली. तो लाजला आणि हळूच म्हणाला, “सर, माझे खोडरबर बाईंच्या टेबलावरच राहिले आहे. आज चित्रकलेचा तास आहे.”

ते मी स्वतः त्याला नेऊन दिले. त्याची वही मात्र मी मागून घेतली आणि संगणकाशेजारी ठेवली. पुढे यंत्र अडले, की आम्ही आधी ती वही उघडीत असू.

स्वाध्याय

१. संगणक सुरू होत नाही हे कळताच मुख्याध्यापकांनी कोणती चूक केली?
२. वीज व पडदा ठीक आहेत, हे बाईंनी कशावरून ओळखले?
३. रॅमला पाटीची व हार्ड डिस्कला वहीची उपमा का दिली आहे?
४. ‘अंदाज लिहू नकोस,’ असे बाईंनी का सांगितले असावे?
५. कारण न शोधता कोणावर दोष ठेवल्याचा तुम्ही पाहिलेला एक प्रसंग दहा ओळींत लिहा.