बटाट्याच्या फोडी आणि क्षारपड जमीन

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या काळ्या, खोल जमिनींत काही ठिकाणी ओल भरपूर असूनही ऊस खुरटतो, पानांचे शेंडे करपतात आणि पीक तहानलेले दिसते. अशा वेळी आणखी एक पाणी देण्याचा मोह होतो. तो का आवरावा, हे पुढील प्रयोगावरून समजेल.

साहित्य : एक कच्चा बटाटा, दोन वाट्या, मीठ, सुरी व मोजपट्टी.

कृती : बटाटा सोलून सारख्या जाडीच्या व ५ सेंटिमीटर लांबीच्या दोन फोडी कापाव्यात. दोन्ही वाट्यांत सारखे गोडे पाणी घेऊन एकीत चहाचे दोन चमचे मीठ विरघळवावे. प्रत्येक वाटीत एकेक फोड बुडवून तीन तासांनी काढावी, मोजावी व वाकवून पाहावी.

निरीक्षण : गोड्या पाण्यातील फोड ताठ राहते. मिठाच्या पाण्यातील फोड आखडते व लुळी पडते. भोवती पाणी असूनही ती सुकते.

कारण : बटाट्याच्या प्रत्येक पेशीभोवती सूक्ष्म पापुद्रा असतो. त्यातून पाणी सहज जाते. मीठ सहज जात नाही. पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे ओढले जाते. यास परासरण म्हणतात. उकडलेल्या बटाट्यावर हा प्रयोग करू नये. उष्णतेने पापुद्रे निकामी होतात.

पिकाची मुळेही परासरणानेच पाणी घेतात. शेतातील क्षार वाटीतल्याइतके तीव्र नसतात. तरी ते वाढले की मुळांना पाणी ओढणे जड जाते. जादा पाण्याने भूजल वर येते, त्यातील क्षार ओलीबरोबर पृष्ठभागी चढतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणून निचरा नसलेल्या शेतात जादा पाणी म्हणजे रोगास खतपाणीच होय.

उपाय : प्रथम चर काढून अथवा भूमिगत नळ्या घालून निचरा साधावा, मगच गोड्या पाण्याने क्षार धुवावेत. माती तपासून घ्यावी. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रतिमीटरहून अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजतात. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे. तपासणीवाचून ते घालून पैसा दवडू नये.

कृषी सहायकांनी हा प्रयोग गावच्या शाळेत, शेतकऱ्यांच्या उपस्थितीत करून दाखवावा आणि त्याच दिवशी मातीचे नमुने गोळा करावेत.